नोंदी ६४,५१२, रॅट मात्र १६: टेलीमेट्रीने मोजलेल्या रक्तदाबाचं विश्लेषण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्याकडे एसएचआर जातीचे, म्हणजे जन्मतःच उच्च रक्तदाबाची प्रवृत्ती असलेले १६ रॅट आहेत. ८ जणांना औषध, ८ जणांना नुसतं व्हेइकल, म्हणजे औषधाशिवायचं द्रावण. पोटातल्या महाधमनीत कॅथेटर (बारीक नळी) सोडलेलं टेलीमेट्री इम्प्लांट, म्हणजे शरीरातून बिनतारी आकडे पाठवणारं यंत्र, दर १० मिनिटांनी १० सेकंदांची नोंद, असे २८ दिवस. सगळे आकडे एक्सेलमध्ये घेऊन तुम्ही दोन गटांत टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांची तुलना, लावलीत. पी-व्हॅल्यू (औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०००१च्या खाली आली, पण आलेखात फरक जेमतेम ३ मिमी पाऱ्याचा दिसतो. गाइड म्हणतात, रिपीटेड मेझर्स अनोव्हा लावा, म्हणजे त्याच प्राण्यावर पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजमापांसाठीची टेस्ट. शिवाय औषधाच्या गटातल्या एका रॅटचे आकडे अकराव्या दिवसापासून विचित्र झालेत, ते ठेवावेत की काढावेत हे ठरत नाही. प्रयोग मागच्या आठवड्यात संपला.

मी पुण्यात गेली १८ वर्षं हेच काम करते. इम्प्लांट बसवते, डेटा गोळा करते आणि विद्यार्थ्यांबरोबर बसून तो सोडवते. तुमच्यासारखी पी-व्हॅल्यू घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो छोटासा पी. दिवसाला १४४ नोंदी, २८ दिवसांच्या ४,०३२, आणि १६ रॅट्सच्या मिळून ६४,५१२. टी-टेस्ट यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र धरते. पण एखाद्या रॅटचा दाब ११ वाजून १० मिनिटांनी १५० असेल, तर ११ वाजून २० मिनिटांनी तो त्याच्याच आसपास असणार. रॅट तोच, धमनी तीच, झोपही तीच. दुसऱ्या नोंदीने नवं असं फार थोडं सांगितलं.

आकड्यांत बघू. समजा, एकाच गटातल्या रॅट्सच्या सरासरी दाबांत ८ मिमीचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे पसारा, आहे. ८ रॅट धरून गटाच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर, म्हणजे तिची अनिश्चितता, येतो ८ भागिले ८ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.८. आता गटातल्या ३२,२५६ नोंदी स्वतंत्र धरा. नोंदींमधलं डेव्हिएशन मोठं, १४ धरलं, तरी स्टँडर्ड एरर येतो फक्त ०.०८. तुमची टी-टेस्ट या ०.०८ वर विसंबून बोलत होती. खरी अनिश्चितता त्याच्या पस्तीसपट आहे. तुम्ही २८ ऐवजी ५६ दिवस मोजलं असतं तर पी आणखी लहान झाला असता, आणि तरीही औषध नवव्या रॅटला लागू पडेल की नाही याबद्दल तुम्हाला काडीचंही जास्त कळलं नसतं. औषध रॅटला दिलं, म्हणून मोजायचे ते रॅट. एन, म्हणजे नमुन्याची संख्या, १६ आहे आणि १६च राहणार.

मग दर १० मिनिटांनी मोजण्याचा उपयोग काय, असं मनात येईल. उपयोग मोठा आहे. त्यामुळे प्रत्येक रॅटचा आकडा भक्कम होतो. शेपटीला कफ लावून मोजायचं तर रॅटला नळीत कोंबावं लागतं, शेपूट गरम करावी लागते, आणि त्या धसक्यानेच दाब चढतो. टेलीमेट्रीत रॅट आपल्या पिंजऱ्यात झोपलेला, खात असलेला, फिरत असलेला मोजला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००५ सालच्या शिफारशींचा सूरही हाच आहे: मोठा फरक चाळून बघायला कफ चालेल, पण फरक नेमका किती हे सांगायचं असेल तर टेलीमेट्री. तुमचा फरक ३ मिमीचा, तेव्हा साधन योग्यच निवडलं आहे.

पुढचं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. रॅट किती आठवड्यांचे होते, डोस केव्हा आणि कसा देत होतात, सगळे १६ एकाच वेळी सुरू केले की दोन बॅचमध्ये, मूळ वेव्हफॉर्म, म्हणजे दाबाची लाट, साठवला आहे की फक्त सरासऱ्या. जिथे उत्तर यावर ठरतं तिथे तसं सांगत जाईन.

सुरुवात वेव्हफॉर्मपासून करा. सॉफ्टवेअर सिस्टॉलिक (वरचा), डायास्टॉलिक (खालचा), मीन (सरासरी) असे सुबक रकाने देतं. ते रकाने सेकंदाला ५०० वेळा मोजलेल्या एका लाटेतून काढलेले असतात, आणि लाट बिघडली तरी रकान्यात आकडा उमटतच राहतो. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका एसएचआरचा सिस्टॉलिक दोन दिवसांत १८४ वरून १६२ वर आला. औषधाच्या गटातला रॅट, आणि मीटिंगमध्ये सगळे खूश. संध्याकाळी मी त्याची लाट उघडली. निरोगी लाट सुळकन वर जाते, उतरताना तिला एक छोटी खाच असते, डायक्रॉटिक नॉच म्हणतात ती. इथे खाच नव्हती. नदीच्या पात्रातल्या गोट्यासारखी गुळगुळीत, गोल लाट. मग डायास्टॉलिक पाहिला, तो १२२ वरून १३६ वर चढलेला. मीन जवळपास हललाच नव्हता, १४३ चा १४४. पल्स प्रेशर, म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर, ६२ वरून २६ वर आलेलं. औषधाने दाब उतरवला असता तर तिन्ही आकडे खाली आले असते. वरचा आकडा उतरतो, खालचा चढतो आणि मधला जागेवर राहतो, असं झालं की कॅथेटरचं तोंड अडलेलं असतं. इम्प्लांट काढला तेव्हा टोकाला रक्ताची गुठळी चिकटलेली होती.

तुमच्या त्या रॅटसाठी हेच करा. वेव्हफॉर्म असेल तर दहाव्या आणि बाराव्या दिवसाच्या लाटा शेजारी शेजारी ठेवा. नसेल तर पल्स प्रेशरचा दिवसवार आलेख काढा. तो अकराव्या दिवशी कोसळून परत वर आलाच नसेल, तर त्या दिवसानंतरचे सिस्टॉलिक आणि डायास्टॉलिक वापरू नका. मीन वापरता येईल का? लाट नुसती दबलेली असेल तर काही दिवस येतो, पूर्ण बुजली असेल तर तोही नाही. म्हणून मी मुख्य निष्कर्ष नेहमी मीन दाबावर काढते, कारण कॅथेटरची लहानसहान खोड तो सहन करतो. आणि मीन सॉफ्टवेअरने लाटेवरून थेट काढलेलाच घ्या. डायास्टॉलिक अधिक एक तृतीयांश पल्स प्रेशर हे माणसांसाठीचं अंदाजी सूत्र रॅटच्या मिनिटाला साडेतीनशे ठोक्यांच्या लाटेवर लावायची गरजच नाही.

दुसरी तपासणी हवेच्या दाबाची. ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इम्प्लांट जो दाब मोजतो त्यात वातावरणाचा दाब मिसळलेला असतो. खोलीतलं एक वेगळं यंत्र हवेचा दाब मोजतं आणि सॉफ्टवेअर तो वजा करतं. समुद्रसपाटीला हा दाब ७६० मिमी पारा, पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे सुमारे ७१०. हे यंत्र बंद असेल किंवा कुणी त्याजागी एक ठरावीक आकडा भरून ठेवला असेल, तर हवेतला प्रत्येक चढउतार रॅटच्या रक्तदाबात उतरतो. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास, आणि दोनदा उतरतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास. हा फरक २-३ मिमी पाऱ्याचा असतो. तुमच्या गटांतला फरक किती आहे? ३. सगळे रॅट एकाच काळात मोजले असतील तर ही चूक दोन्ही गटांत सारखी पडेल आणि वजाबाकीत निघून जाईल. पण पहिली बॅच मे महिन्यात आणि दुसरी डिसेंबरात केली असेल, आणि एका बॅचमध्ये औषधाचे रॅट जास्त असतील, तर ऋतूचा फरक औषधाच्या नावावर जमा होतो. हवेच्या दाबाचा रकाना एक्स्पोर्ट करून एकदा बघाच. तो सपाट सरळ रेषा असेल तर काहीतरी चुकलं आहे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. रॅट रात्री जागतो. रात्री त्याचा दाब, हृदयगती आणि हालचाल वर जातात, दिवसा खाली येतात. तुमचं विश्लेषण या लयीवर बेतलेलं असणार, तेव्हा दिवे खरोखर केव्हा लागले आणि केव्हा विझले हे माहीत हवं. वीज जाऊन आली की जुना टायमर जिथे थांबला तिथून पुढे चालू लागतो. आमच्या एका प्रयोगात तीन तासांच्या खंडितीनंतर खोलीतली रात्र तीन तास उशिरा सुरू होऊ लागली आणि आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता, कारण सकाळी आपण जातो तेव्हा दिवे लागलेलेच दिसतात. हालचालीचा आलेख काढल्यावर ते उघड झालं. आणखी एक साधी पण घातक चूक एक्सेलमध्ये होते. सॉफ्टवेअरने तारीख महिना-दिवस अशी दिली आणि तुमचा संगणक दिवस-महिना वाचत असेल, तर महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा मुकाट्याने उलटतात. १३ पासूनच्या अडतात, त्या तरी दिसतात. उलटलेल्या दिसत नाहीत.

गोंधळाच्या घटनांची नोंदवही असेल तर ती जवळ घ्या: पिंजरा बदलला, वजन केलं, तोंडाने डोस दिला. रॅटला हातात घेतलं की त्याचा दाब आणि हृदयगती पुढचा तासभर तरी वर असते, कधी जास्त. एका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या सगळ्या रॅट्सचे आलेख एकदमच उसळले होते, दोन्ही गटांचे, फटाके लागले त्याच तासाला. हे बघायची माझी पद्धत अशी: जे सगळ्यांना एकाच वेळी होतं ते खोलीतून आलेलं असतं, आणि जे एकालाच होतं ते त्या रॅटमधून किंवा त्याच्या कॅथेटरमधून. म्हणून गटाच्या सरासरीआधी १६ रॅट्सचे १६ आलेख एका पानावर काढते, एकाखाली एक, सारख्याच मापात. हा एक कागद मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त सांगतो.

आता साफसफाई. काय काढायचं याचे नियम आधी लिहून ठेवा, आणि काढताना कोणता रॅट कोणत्या गटातला हे तुम्हाला माहीत नसावं. तुम्हाला माहीत असेलच, कारण डोस तुम्हीच दिलेत. मग लॅबमधल्या दुसऱ्या कुणाला रॅट्सना नवे क्रमांक द्यायला सांगा. माझे नियम साधे असतात. सिग्नल तुटला, पल्स प्रेशर १० मिमीच्या खाली गेलं, हृदयगती शक्यतेच्या बाहेर गेली, तर ती नोंद बाद. डोस किंवा हाताळणीनंतरचे दोन तास सगळ्या रॅट्ससाठी बाद. पण नुसता जास्त दिसतो म्हणून खरा आकडा कधीही काढू नका. रात्री रॅट पिंजऱ्यात धावला आणि दाब २०० ला टेकला, तर तो त्याचा खरा दाब आहे. प्रत्येक रॅटच्या किती टक्के नोंदी बाद झाल्या याचा तक्ता थिसिसमध्ये द्या. एका गटात ५ टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के गेल्या असतील, तर परीक्षकांनी ते विचारायलाच हवं.

साफ झालेल्या नोंदी टप्प्याटप्प्याने गोळा करा. आधी तासाची सरासरी, मग तासांवरून १२ तासांच्या रात्रीची वेगळी आणि दिवसाची वेगळी. थेट २४ तासांची सरासरी काढली तर एक धोका असतो. रॅट जागा असताना, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभा राहिला की सिग्नल जास्त तुटतो. म्हणजे नोंदी नेमक्या जास्त दाबाच्या वेळच्या गळतात आणि सरासरी आपोआप खाली सरकते. तासाला निदान चार नोंदी शिल्लक असतील तरच मी तो तास धरते, आणि १२ पैकी ९ तास असतील तरच ती रात्र. एवढं केल्यावर ६४,५१२ ओळींच्या जागी रात्रीच्या ४४८ ओळी उरतात, १६ रॅट गुणिले २८ रात्री. दिवसाच्या तेवढ्याच, वेगळ्या फाइलमध्ये.

इथे बेसलाइन कामी येते. औषध सुरू करण्याआधीच्या निदान तीन दिवसांच्या नोंदी तुमच्याकडे असाव्यात, आणि त्याही शस्त्रक्रियेतून रॅट सावरल्यानंतरच्या. सावरला हे मी कॅलेंडरवरून ठरवत नाही. साधारण ७ ते १० दिवस लागतात, पण वजन परत आलं आणि दिवस-रात्रीची लय आलेखात स्पष्ट दिसू लागली की मगच बेसलाइन मोजते.

बेसलाइनमुळे काय साधतं ते वरच्याच आकड्यांवर बघा. फक्त शेवटच्या आठवड्याची तुलना केली, तर ८ मिमी डेव्हिएशनमुळे फरकाचा स्टँडर्ड एरर ४ येतो, आणि ३ मिमीच्या फरकाभोवतीचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, उणे ५.६ ते अधिक ११.६. यातून काहीच ठरत नाही. पण जो रॅट सुरुवातीला उंच असतो तो शेवटीही बहुधा उंचच असतो. बेसलाइन कोव्हेरिएट, म्हणजे तुलनेच्या हिशेबात धरायचा जोड-आकडा, म्हणून घेतली की हा जन्मजात फरक निघून जातो. उरलेलं डेव्हिएशन समजा ४ वर आलं, तर अंतराल आखडून सुमारे उणे १.३ ते अधिक ७.३ होतो. अजूनही शून्य आतच आहे. हे माझे समजून घेतलेले आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण तुमचं उत्तरही याच्या आसपास आलं तर दचकू नका.

औषधाच्या गटात ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना मात्र करू नका. क्योटोमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ साली एसएचआरची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे ठाऊक आहे की या रॅटचा दाब वयाबरोबर आपोआप चढतो, पाच-सहा आठवड्यांपासून पुढे काही आठवडे तर भराभर. तुमचे रॅट आठ आठवड्यांचे असतील तर २८ दिवसांत व्हेइकलचा गटही चांगलाच वर गेला असणार. अशा वेळी औषधाच्या गटात ‘काही बदल नाही’ हाच मोठा परिणाम असू शकतो. रॅट १६-१८ आठवड्यांचे असतील तर चढ बराच सपाट झालेला असतो आणि चित्र सोपं होतं. दोन्हीकडे तुलना गटा-गटांत करायची, वेळेच्या आधी-नंतर नाही.

आता तुमच्या गाइडचं म्हणणं. ते चूक नाही. रिपीटेड मेझर्स अनोव्हा रॅटला रॅट म्हणून ओळखते, म्हणजे तुमच्या टी-टेस्टपेक्षा कितीतरी बरी. तिच्या दोन अडचणी आहेत. एक, कोणत्याही दोन दिवसांमधल्या फरकाची चढउतार सारखीच असते असं ती गृहीत धरते. प्रत्यक्षात शेजारचे दिवस एकमेकांसारखे असतात आणि पहिला आणि अठ्ठाविसावा दिवस नसतात. ग्रीनहाउस-गायसर दुरुस्तीने हे थोडं सावरतं. दुसरी अडचण तुम्हाला थेट भोवणारी आहे. एका रॅटचा एक दिवस जरी गहाळ असला तरी नेहमीची अनोव्हा तो अख्खा रॅट टाकून देते. तुमच्या त्या रॅटचं कॅथेटर अकराव्या दिवशी अडलं असलं, तरी त्याआधी तो दहा दिवस उत्तम मोजला गेला होता. एका जिवाचं पोट उघडून मिळवलेले ते दहा दिवस मी तरी टाकणार नाही.

म्हणून मी मिक्स्ड मॉडेल लावते, ते काही दिवस गहाळ असले तरी रॅटच्या उरलेल्या नोंदी वापरतं. गट, दिवस, गट आणि दिवसाचा परस्परसंबंध, बेसलाइन, आणि रॅट रँडम म्हणून, म्हणजे प्रत्येक रॅट थोडा वेगळा असतो हे मान्य करून, त्याची स्वतःची पातळी आणि स्वतःचा कल धरून. शेजारच्या दिवसांचं साम्य सांगणारी ऑटोकोरिलेशनची सोयही हवी. आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एनएलएमई पॅकेजमध्ये ती मिळते, एलएमई४ मध्ये थेट मिळत नाही. निकाल आला की सगळ्यात आधी गटाच्या रांगेतले डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मॉडेलने किती स्वतंत्र माहिती धरली तो आकडा, बघा. १६ रॅट, दोन गट, एक बेसलाइन, म्हणजे ते १३च्या आसपास असायला हवेत. तिथे चारशेच्या वरचा आकडा दिसला तर मॉडेलने पुन्हा ओळीच मोजल्यात असं समजा आणि रॅटचा क्रमांक कुठे चुकला ते शोधा. गहाळ दिवसांबद्दल एक सावधगिरी: कॅथेटर अडणं हा अपघात असेल तर मॉडेल तो पेलतं. पण दाब फार चढल्यामुळेच रॅट आजारी पडून गळाले असतील, तर उरलेल्यांची सरासरी फसवी असते. तशा वेळी ते मोकळेपणाने लिहावंच लागतं.

मिक्स्ड मॉडेलचा धाक वाटत असेल तर आणखी एक सरळ वाट आहे. प्रत्येक रॅटचा एकच आकडा काढा, शेवटच्या सात रात्रींची सरासरी, आणि बेसलाइन कोव्हेरिएट घेऊन १६ आकड्यांवर अँकोव्हा करा. अकराव्या दिवशी सिग्नल गेलेला रॅट यात येणार नाही, म्हणजे १५ उरतील. पण ही वाट कुठल्याही परीक्षकाला पाच मिनिटांत समजते, आणि माझ्या अनुभवात दोन्हींचं उत्तर क्वचितच वेगळं निघतं. रोजच्या रोज २८ टी-टेस्ट करून नवव्या आणि सतराव्या दिवशी ‘फरक आहे’ अशा खुणेचा तारा लावणं, हे मात्र करू नका.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते: लाट तपासा, हवेचा दाब आणि घड्याळ तपासा, गट न बघता साफ करा, तास आणि मग रात्र-दिवस अशी सरासरी काढा, १६ आलेख डोळ्यांखालून घाला, आणि शेवटी बेसलाइनसह मॉडेल.

रात्र आणि दिवस वेगळे ठेवायला सांगितलं त्याचं कारणही समजून घ्या. डोस सकाळी देत असाल तर ती रॅटची झोपायची वेळ. औषध सहा-आठ तासच टिकत असेल तर त्याचा परिणाम दिवसाच्या सरासरीत दिसेल आणि रात्री, म्हणजे नेमका दाब जास्त असताना, नाहीसा होईल. २४ तासांची एकच सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत मिसळून तुमचे ते ३ मिमी उरतात. कदाचित ते दिवसाचे ६ आणि रात्रीचे शून्य असतील. हे आधी बघा, कारण मग प्रश्नच बदलतो. आणि हालचालीचा रकाना विसरू नका. क्लोनिडीनसारखं औषध गुंगी आणतं. रॅट रात्री फिरलाच नाही तर दाब तसाही कमी राहणार. मी रॅट स्वस्थ बसलेला असतानाच्याच नोंदी घेऊन तुलना पुन्हा करून बघते. फरक तिथेही टिकला तर तो नुसत्या सुस्तीचा नाही.

लय मोजायची असेल तर कोसाइनर पद्धत आहे. ‘सर्केडियन’ हा शब्द १९५९ साली रूढ करणारे फ्रान्झ हालबर्ग यांच्याच परंपरेतली. २४ तासांची एक कोसाइन लाट बसवायची आणि मध्यपातळी, उंची आणि शिखराची वेळ असे तीन आकडे प्रत्येक रॅटचे काढायचे. रॅटचा आलेख दिवे विझताच झपकन चढतो, त्यामुळे एकटी लाट नीट बसत नाही. १२ तासांची दुसरी लाट जोडली तर बसते. पण तुमचा हवेचा दाब नीट वजा झाला नसेल तर हीच १२ तासांची लाट फुगलेली दिसेल, म्हणून ती तपासणी आधी. शिखराच्या वेळांची साधी सरासरी काढू नका. एका रॅटचं शिखर २३ वाजता आणि दुसऱ्याचं १ वाजता असेल तर साधी सरासरी भर दुपारी १२ सांगते. कोनांची सरासरी काढायची पद्धत वापरा.

आणि ते ३ मिमी. समजा सगळं नीट केल्यावरही फरक ३च राहिला आणि अंतरालात शून्य आलं. मग थिसिसमध्ये लिहा की या डोसला २८ दिवसांत मीन दाबातला फरक ३ मिमी, आणि त्याच्या पुढे अंतरालाची दोन्ही टोकं. ‘परिणाम नाही’ असं लिहू नका, कारण वरच्या टोकाला ७ मिमीची शक्यता शिल्लक आहे आणि ती लहान नाही. पुढच्या कुणाला किती रॅट लागतील हे तुमच्या डेव्हिएशनवरून काढता येईल, आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे अर्ज ठेवताना तो आकडा सोन्यासारखा असतो. त्यासाठी रॅट-रॅटमधलं आणि रॅटच्या आतलं, अशी दोन्ही डेव्हिएशन वेगळी छापा.

गाइडना भेटाल तेव्हा टेस्टच्या नावावरून चर्चा सुरू करू नका. १६ आलेखांचा तो कागद टेबलावर ठेवा. त्यांनी मांडलेली अनोव्हा आणि मिक्स्ड मॉडेल, दोन्ही त्याच ४४८ ओळींवर चालवून शेजारी दाखवा. बहुतेक गाइड त्या कागदावरच अडलेला रॅट स्वतः ओळखतात.

एक काम मात्र आजच करा, आकड्यांना हात लावण्याआधी. रॅट्समधून काढलेले इम्प्लांट अजून पुढच्या बॅचसाठी कुणी नेले नसतील, तर चुंबक फिरवून एकेक सुरू करा, कोमट सलाइनमध्ये कॅथेटरचं टोक पृष्ठभागाशी धरा आणि उघड्या हवेतला दाब टिपा. शून्य यायला हवा. बसवण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघा. ४ मिमीपेक्षा जास्त सरकलेला प्रत्येक इम्प्लांट वेगळा लिहून ठेवा, कारण तो केव्हा सरकला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुमचा अख्खा फरक ३ मिमीचा आहे. ते १६ आकडे आणि रॅट्सचं वय इथे कळवा, मग मॉडेलचं पुढचं बोलू.